डोळ्याची उंची

ताईंनी पेन्सिलीला टोक काढले, चष्मा नाकावर नीट बसवला आणि शेवटच्या घराचा किरण कागदावर मांडायला घेतला. चित्र ज्या बारीक चौकोनी घरांचे बनते, त्यांतले उजवीकडचे, अगदी तळाचे घर. आडवी घरे मोजायची, उभी मोजायची, दोन्हींत अर्धे अर्धे मिळवायचे, म्हणजे त्या घराचा मध्य हाती लागतो. डोळ्यापासून निघून त्या मध्यातून पलीकडे जाणारी रेघ, तोच त्या घराचा किरण. कॉम्प्युटरने असे वीस लाखांवर किरण सकाळीच काढून ठेवले होते. त्यांतले तीन ताई हाताने पडताळून पाहत. डावीकडचा सगळ्यात वरचा, मधला आणि हा.

"कॉम्प्युटरवर अजून विश्वास बसत नाही का, ताई?" पलीकडच्या टेबलावरून शिल्पकाराने विचारले.

"त्याच्यावर आहे. माझ्यावर नाही."

शिल्पकार हसला आणि पाठ चोळत पुन्हा खुर्चीत घसरला. दगडाला त्याने जन्मात कधी हात लावला नव्हता. अपघाताच्या जागेची मापे आली की त्यावरून भिंती, गाड्या, खांब, माणसे असे सगळे तो कॉम्प्युटरच्या आत घडवून उभे करी, म्हणून ताईंनीच त्याला ते नाव ठेवले होते. त्याने घडवलेल्या जगात ताई एक डोळा ठेवत आणि त्या डोळ्यातून किरण सोडत. खऱ्या जगात उजेड वस्तूवरून निघतो आणि डोळ्यापाशी येतो, इथे उलटे. इथे डोळ्यालाच उठून जावे लागते. एकेक किरण निघतो, वाटेत जे पहिले आडवे येईल त्यापाशी थांबतो, तू कोण, तुझा रंग कुठला, असे विचारतो आणि उत्तर आपल्या घरात आणून ठेवतो. सगळी घरे भरली की चित्र होते. त्या जागी बसलेल्या माणसाला काय दिसू शकत होते, ते चौकशी समितीला त्या चित्रावरून कळते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी ताई ते अर्धे मिळवायला विसरल्या होत्या. किरण घराच्या मधून जाण्याऐवजी कोपऱ्यातून जात राहिले आणि सगळी चित्रे केसभर सरकलेली निघाली. कोणाच्या लक्षात आले नाही. आठ महिन्यांनी ताईंच्याच आले. त्या रात्री त्या जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून हा नेम.

शेवटचा आकडा जुळला. ताईंनी त्याखाली बारीक बरोबरची खूण केली आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या पापण्यांमागेही घरेच होती. महिन्यातले हे तिसरे काम. झोप होत होती, पण झोपेने थकवा जात नव्हता. आता हे पाकिटात घालायचे, घरी जायचे, डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडायचे. घरच्यांनाही सांगून ठेवले होते, संध्याकाळी कोणी काही विचारू नका.

"ते काका आले नाहीत अजून," शिल्पकार म्हणाला. "त्यांची सही राहिली आहे."

"येतील. तीन जिने आहेत."

काका आले ते कठड्याला धरून, धापा टाकत. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, दाढी नुकतीच आणि घाईत केलेली. खांद्यावर कापडी पिशवी. छत्तीस वर्षे बस चालवली होती आणि निवृत्तीला दोन राहिली होती. तीन महिन्यांपूर्वी, सकाळी सहाला, डेपोच्या आवारात त्यांनी बस सुरू करून पुढे घेतली, तेव्हा डेपोचा मिस्त्री बसच्या तोंडाशी उकिडवा बसून नंबरपाटीचा बोल्ट आवळत होता. मिस्त्री जागीच गेला. उद्या अकराला चौकशीची शेवटची बैठक होती आणि समितीचा प्रश्न एकच होता. ड्रायव्हरच्या सीटवरून मिस्त्री दिसू शकत होता का?

"बसा, काका. पाणी घ्या आधी."

"नको, ताई. सही कुठं करायची?"

ताईंनी कागद पुढे सरकवला. माझ्यासमक्ष मापे घेण्यात आली, असे त्यावर छापलेले होते. काकांनी पेन हातात घेतले, पण त्यांची नजर स्क्रीनवर गेली आणि तिथेच राहिली. चित्रात खाली डॅशबोर्डची काळी पट्टी, तिच्यावर काचेची कड, कडेला लागूनच आवाराचे काँक्रीट, दूर धुण्याची जागा, भिंत, भिंतीवर आकाशाचा एक तुकडा. पहाटेचा राखाडी उजेड. शिल्पकाराने भिंतीवरची ओलसुद्धा घडवली होती.

"अगदी तसंच आहे," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मिस्त्री कुठं आहे यात?"

"आहे. पण या जागेवरून दिसत नाही," ताई म्हणाल्या. "काचेच्या कडेच्या खाली राहतो."

"दाखवता येईल?"

ताईंनी शिल्पकाराकडे पाहिले. त्याने नाखुषीनेच माऊस हलवला. दृश्य बाजूने फिरले. बसचे सपाट तोंड, त्यापासून हातभर अंतरावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेली एक करडी आकृती, डोक्यावर नारिंगी टोपी. चेहरा नव्हता, चेहरा करायचा नाही असा शिल्पकाराचा नियम होता.

काका वाकून पाहत राहिले. "टोपी बरोबर आहे. डेपोतल्या सगळ्यांना तशीच मिळते, पण हा ती झोपतानासुद्धा काढायचा नाही."

काकांनी पेन खाली ठेवले, पिशवी मांडीवर घेतली आणि आतून एक चौकोनी गादी काढून टेबलावर, मापांच्या कागदाशेजारी ठेवली. निळ्या रेक्झिनची, कडा जाड दोऱ्याने शिवलेल्या, मधोमध बसून बसून चपटी झालेली.

"ही राहिली," ते म्हणाले.

शिल्पकाराला आधी कळले नाही. ताईंना कळले. त्यांनी हात पुढे केला आणि गादीला न लावताच मागे घेतला.

"यावर बसून चालवायचात?"

"रोज."

"मग माप घेतलं तेव्हा?"

"तेव्हा पिशवीत होती. पिशवी खांद्याला होती." काका आपल्या हातांकडे पाहत बोलत होते. "अपघात झाला, पोलीस गाडीला सील ठोकायच्या आधी मला म्हणाले, तुमच्या वस्तू काढून घ्या. डबा, बाटली, ही. नंतर मापाला बोलावलं. साहेब म्हणाले सीटवर सरळ बसा, बसलो. टेप लावला, आकडा लिहिला, म्हणाले उतरा. उतरलो."

"आणि तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"कोणी विचारलं नाही. मीही नाही बोललो."

शिल्पकार खुर्ची सरकवून उठला. त्याने दाराकडे नजर टाकली, दार लोटून घेतले आणि आवाज खाली आणला. "काका, ऐका माझं. ती पिशवीत घाला परत. अहो, डेपोवाल्यांचं समाधान आहे, युनियनचं आहे, सगळ्यांना सुटका हवी आहे तुमची. चित्र तयार आहे. उद्या अकराला ते बघतील, नाही दिसत म्हणतील, बारा वाजता तुम्ही घरी. ही मध्ये आली तर नोकरी जाईल. पुढे खटला होईल तो वेगळाच. आम्ही काही पाहिलं नाही. काय ताई?"

ताईंनी फोटोंची फाईल उघडली आणि केबिनचा पहिल्या दिवशीचा फोटो काढला. सील ठोकतानाचा. सीटवर बारीक धूळ होती आणि धुळीच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. गादीएवढाच.

"हे कधी लक्षात आलं?" शिल्पकाराने हळू विचारले.

"पहिल्याच आठवड्यात."

"मग?"

"कव्हर असेल म्हटलं. विचारायला फोन उचलला होता." ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "मग ठेवून दिला. आकडा सगळ्यांना सोयीचा होता. मलाही. दमले होते रे."

अर्ध्या घराची चूक होऊ नये म्हणून ज्यांनी आताच पेन्सिल झिजवली होती, त्या ताई आपल्याच खुणेकडे पाहत राहिल्या. तिन्ही किरण बरोबर होते. फक्त ते जिथून निघाले होते, तिथे कोणाचा डोळा नव्हता.

"काका," त्या म्हणाल्या, "हे चित्र असंच राहिलं तर तुम्ही सुटता. ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग कशाला आणलीत?"

खालच्या रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होते, तिची पीं पीं वर येत होती. ती थांबल्यावरच काका बोलले.

"मी मिस्त्रीच्या घरी जातो. आठवड्यातून एकदा. वहिनी पाणी आणून ठेवते. म्हणते, भाऊजी, तुमच्या हातात काय होतं, तुम्हाला दिसलाच नसता तो. डेपोत सगळे तेच म्हणतात, घरी मुलगी तेच म्हणते. आणि मला काही ठाऊक नाही. दिसला असता की नसता, मलाच ठाऊक नाही. वहिनीचं ते पाणी घशाखाली उतरत नाही, ताई. तसंच ठेवून येतो." त्यांनी गादीची कड अंगठ्याने दाबली. "लोक म्हणतात देवाला सगळं ठाऊक असतं. असेल. पण त्याच्यासमोर जाऊन मी काय सांगू, मोजलंच नाही म्हणून?"

शिल्पकार परत जागेवर जाऊन बसला. ताईंनी खणातून टेप काढला.

"त्या स्टुलावर बसा. आधी नुसतेच."

कोपऱ्यातले लाकडी स्टूल त्यांनी मध्ये ओढले. काका बसले, अगदी ताठ.

"असे नाही. सकाळी सहाला बसता तसे. हात स्टिअरिंगवर."

काकांनी रिकाम्या हवेत हात धरले. खांदे थोडे पुढे आले, मान किंचित खाली झाली. छत्तीस वर्षांचे बसणे आपोआप अंगात उतरले. शिल्पकाराने टेपचे खालचे टोक फरशीवर धरले. ताईंनी वरचे टोक डोळ्याच्या कोपऱ्याशी नेले. मग गादी खाली ठेवून पुन्हा एकदा. मग आणखी एकदा, कारण दुसऱ्यांदा काकांनी श्वास रोखून धरला होता.

"साडेपाच सेंटिमीटर," ताई म्हणाल्या. "दाबल्यावर."

त्या खुर्चीत बसल्या. बदलायचा आकडा एकच होता. काचा, भिंती, टोपी, उजेड, सगळे होते तिथेच राहणार होते; फक्त डोळा साडेपाच सेंटिमीटर वर जाणार होता. ताईंनी जुना आकडा खोडला, नवा लिहिला, आणि बटण दाबण्याआधी पदर सावरला, मोठ्या माणसांत जाताना सावरतात तसा.

"अर्धा तास लागेल."

"ताईंचे किरण पायी जातात," शिल्पकार काकांना म्हणाला. "विचारपूस करत करत." कोणी हसले नाही, तेव्हा तो उठून खाली गेला आणि तीन चहा घेऊन आला.

चित्र वरून खाली उतरत होते, एकेक ओळ. आधी आकाशाचा तुकडा आला. मग भिंतीचा माथा, ओल, धुण्याच्या जागेचे नळ. काका स्टुलावरच बसून राहिले होते, गादीवर, चहा हातात धरून. चहावर साय आली. ताईंनी नवा कागद घेतला, पण त्यावर काही लिहिले नाही.

"काचेची कड कुठवर येईल?" काकांनी विचारले.

"अगदी शेवटी. तळाशी."

"म्हणजे शेवटपर्यंत कळायचं नाही."

"नाही."

काँक्रीट उतरू लागले. भेगा, तेलाचा एक डाग, पांढऱ्या पट्ट्याचा पुसट भाग. ओळीमागून ओळ राखाडी, आणखी राखाडी. शिल्पकार नखे कुरतडत होता. ताईंना वाटले, आता काळी पट्टी येईल. आणि हेही कळले की ती यावी असे आपल्याला अजून वाटते आहे.

एका ओळीत, मध्याच्या जरा डावीकडे, चार घरे नारिंगी झाली. पुढच्या ओळीत अकरा. मग वीस, मग तीस. टोपीचा माथा, उलट्या ठेवलेल्या बशीसारखा, नखभर वर आला आणि त्याच्याखाली काळी पट्टी सुरू झाली.

काका स्टुलावरून उठले नाहीत. कप त्यांनी फरशीवर ठेवला, जपून.

"हा तोच," ते म्हणाले.

"हो."

"एवढा."

"एवढाच." ताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. "काका, नीट ऐका. पहाटेचा उजेड आहे आणि हे नखाएवढं आहे. दिसण्यासारखं होतं, इतकंच हे चित्र सांगतं. तुम्ही पाहायलाच हवं होतंत, असं ते सांगत नाही. तुम्ही तेव्हा कुठे बघत होता?"

"उजव्या आरशात. मागून दुसरी गाडी निघत होती."

"मग ते उद्या सांगा. तसंच सांगा."

"सांगेन." त्यांनी एक लांब श्वास सोडला, जिने चढून आल्यापासूनचा पहिला पुरता श्वास असावा तसा. "एवढं होतं, ताई. तेवढं मला बघायला मिळालं असतं, मी बघितलं असतं तर."

ताईंनी जुना कागद फाडला नाही. त्यावर तिरकी रेघ मारून तो फाईलला लावला. मग नवा भरायला घेतला. तारीख, गाडी, सीटची उंची, डोळ्याची उंची. खाली एक रकाना होता, तो बहुतेक वेळा रिकामाच जाई. सीटमध्ये चालकाने वा इतरांनी केलेला बदल, केव्हा, कोणी, कारण.

"गादी कधीपासून वापरता?"

"अकरा वर्षं होतील."

"विकत आणली होतीत?"

"नाही. जुन्या सीटचा फोम कापून केली. रेक्झिनही तिथलंच, भंगारातलं."

"तुम्ही?"

काकांनी मान हलवली. "मला कुठं सुई धरता येते." ते शिवणीवरून बोट फिरवत होते. टाके जाड होते, सारख्या अंतरावर, शिंप्याचे नव्हे, लोखंडावर हात बसलेल्या माणसाचे. "मिस्त्रीनं केली."

ताईंचे पेन थांबले.

"रोज चेष्टा करायचा माझी. म्हणायचा, बुटक्या, तू गाडी चालवतोस की गाडी तुला? एक दिवस हे घेऊन आला. म्हणाला, घाल बुडाखाली. तुला जरा पुढचं दिसलं पाहिजे."

शिल्पकार स्क्रीनकडे तोंड करून बसला होता. त्याने वळून पाहिले नाही.

ताईंनी रकान्यात लिहिले. बदल, गादी. केव्हा, अकरा वर्षांपूर्वी. कोणी, डेपोचे मिस्त्री. कारणापाशी त्या थोड्या थांबल्या आणि मग काकांचेच शब्द, एकही न बदलता, तिथे उतरवले. काकांनी वाचले. सही केली.

"गादी इथे ठेवावी लागेल. उद्या समितीपुढे न्यायची आहे."

"ठेवा." रिकामी पिशवी त्यांनी घडी करून खिशात घातली. दारापाशी जाऊन ते थांबले. "आता वहिनीकडे जातो. उद्या तिला तिऱ्हाइताकडून कळायला नको."

"काय म्हणतील त्या?"

"बघू. पाणी देईल की नाही, ठाऊक नाही." त्यांनी चपला पायात सरकवल्या. "दिलं तर पिऊन येईन."

जिन्यावर त्यांची पावले उतरत गेली. चढताना होती त्यापेक्षा सावकाश, पण मध्ये कुठे थांबली नाहीत. शिल्पकाराने तिन्ही कप उचलले आणि काकांचा भरलेला कप मोरीत ओतला.

"निघा तुम्ही, ताई. पाकीट मी करतो. डोळे बघा तुमचे, किती लाल झालेत."

"एक राहिलं."

ताईंनी पेन्सिलीला पुन्हा टोक काढले. या वेळी त्यांनी कोपऱ्यातले घर घेतले नाही. नारिंगी चार घरांतले पहिले घेतले. आडवे मोजले, उभे मोजले, दोन्हींत अर्धे मिळवले. नव्या उंचीवरून रेघ निघाली, काचेची कड जेमतेम चुकवून बाहेर पडली, आणि हातभर अंतरावर टोपीपाशी येऊन टेकली.

आकडा बरोबर होता. ताई खूण करायची विसरून तशाच बसून राहिल्या, पेन्सिलीचे टोक त्या जागेवर ठेवून.